‘पाहुणे कुठले?’ न विचारता माणूस कसा निवडावा

गाव कोणतं आणि पाहुणे कुठले, या दोन प्रश्नांत बीड जिल्ह्यातली नोकरीची मुलाखत बऱ्याचदा आटोपते. पुढची पंधरा-वीस मिनिटं चहा, पाऊस आणि ओळखीच्या माणसांची नावं घेण्यात जातात. उमेदवार उठून गेला की संचालक एकमेकांकडे बघतात, कुणीतरी म्हणतं, “पोरगं चांगल्या घरचं दिसतंय,” आणि निवड झालेली असते.

हा लेख ज्यांच्याकडे वेगळा मनुष्यबळ विभाग नाही त्यांच्यासाठी आहे. पतसंस्था, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, गेवराई-माजलगावकडची जिनिंग, शाळा, वसतिगृह, छोटी स्वयंसेवी संस्था, म्हणजे पाच ते पन्नास माणसांची ठिकाणं. इथे टायपिंग किंवा टॅली कमी येत असेल तर महिन्याभरात शिकवता येतं. तिजोरीची किल्ली किंवा चाळीस मुलं ज्याच्या हवाली करायची, त्याचा स्वभाव मात्र महिन्याभरात शिकवता येत नाही. तो आधीच पारखावा लागतो आणि पारखताही येतो. फक्त घराणं, बोलणं आणि पहिली छाप ही त्याची साधनं नव्हेत.

आधी कागद, मग उमेदवार

जाहिरात देण्याआधी अर्धा तास बसून एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: या खुर्चीवरच्या माणसाला मोह कुठे होईल आणि तो एकटा कुठे पडेल? ‘प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ’ असं लिहू नका. त्या शब्दांनी कुणाचीच निवड होत नाही आणि कुणी गळतही नाही.

पतसंस्थेचा रोखपाल घ्या. 2023पासून ज्ञानराधा मल्टीस्टेटसह जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. गुन्ह्याचे आरोप वरच्या लोकांवर आहेत, पण गावागावांत ठेवी आणताना ओळखीच्या माणसाचा शब्द चालला होता. शाखेतल्या कर्मचाऱ्याला, पिग्मी एजंटाला आत्या विचारते, “बाळा, जमीन विकून आलेले पैसे तुझ्याकडं ठेवू का?” त्या क्षणी त्याने खरं सांगणं ही त्या जागेची पहिली गरज आहे. तेव्हा कागदावर असं यावं: हिशेब जुळला नाही तर त्याच संध्याकाळी सांगतो, नातेवाइकाला नियमाबाहेरचं काही देत नाही, जे माहीत नाही त्याची ग्वाही देत नाही, वरच्याने चुकीची नोंद करायला सांगितली तर लेखी मागतो.

आता वसतिगृहाचा गृहपाल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुलं हंगामी वसतिगृहांत, संत भगवानबाबा योजनेतल्या शासकीय वसतिगृहांत, शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या ‘शांतीवन’सारख्या संस्थांत राहतात. आई-बाप शंभर-दोनशे कोसांवर. रात्री दहानंतर त्या मुलांच्या बाबतीत काय घडतं हे बघायला गृहपालाशिवाय कुणी नसतं. इथल्या कागदावर पैशाची ओळ शेवटी येईल. आधी येईल: राग आल्यावर काय करतो, आजारी मुलाला रात्री दवाखान्यात नेतो की सकाळची वाट बघतो, मुलाने तक्रार केली तर ती दाबतो की वर कळवतो.

चार किंवा पाच ओळी पुरेत. प्रत्येक ओळ डोळ्यांनी दिसेल अशी वागणूक असावी.

‘आपल्यात बसेल का?’

सगळ्यात घसरणीची जागा ही. नव्या माणसाचं बाकीच्यांशी जमलं पाहिजे हे खरंच आहे. पण हा प्रश्न मोकळा सोडला की बीडमध्ये त्याचं उत्तर आडनावाकडे जातं. हे कुणाला टोचलं तरी म्हणायला हवं. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातला जातीय ताण इतका वाढला, की 2025 मध्ये पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवर आणि टेबलावरच्या पाटीवर फक्त पहिलं नाव ठेवायला लावलं. जे पोलीस खात्याला करावं लागलं, ते दहा माणसांच्या कार्यालयाला करायला कमीपणा वाटू नये.

हा दोष एकट्या बीडचा नाही. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते म्हणत, आणि लगेच पुढे ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ किती महत्त्वाची ते सांगत. त्याच काळात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. मुलाखत तर दूरच, हे अर्जाच्या पाकिटावरच झालं होतं.

म्हणून ‘आपल्यात बसेल का’ या प्रश्नाचंही कागदावर भाषांतर करा. तुमच्या दवाखान्यात रुग्णाला ‘अरे-तुरे’ चालत नाही, हे लिहा. तुमच्या संस्थेत सगळे एका पंगतीत जेवतात आणि ताट ज्याचं तो धुतो, हे लिहा. गृहभेटीला तांड्यावर, वस्तीवर पायी जावं लागतं आणि तिथलं चहा-पाणी नाकारायचं नसतं, हेही लिहा. यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्याही जातीच्या, कुठल्याही गावच्या माणसाला जमू शकते किंवा जमू शकत नाही. जी गोष्ट अशी लिहिता येत नाही, फक्त ‘वाटते’, ती निवडीत धरू नका.

अर्ज छाननीला घेताना कारकुनाला आडनाव, गाव आणि वडिलांचं नाव झाकून फक्त क्रमांक टाकायला सांगा. गाव झाकायचं कारण उघड आहे: आपल्याकडे गावाच्या नावावरूनही लोक अंदाज बांधतात.

चिठ्ठीचं काय करायचं

शिफारशीची चिठ्ठी किंवा फोन येणारच. कधी जिल्हा परिषदेच्या सदस्याचा, कधी संचालकाच्या मेव्हण्याचा. “आपलाच पोरगा आहे, बघा जरा.” यावर भांडण नको आणि होकारही नको. एकच वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा: “अर्ज आलाय, मुलाखतीला बोलावतो, बाकीच्यांसारखीच होईल.” मग कुणाचा फोन कुणासाठी आला ते वहीत लिहा आणि ती वही मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.

चिठ्ठी आणली म्हणून उमेदवार बाद करणारे काही कडक सचिव असतात. ते मला पटत नाही. चिठ्ठीशिवाय काम होतं हे या जिल्ह्यातल्या पोरांनी पाहिलेलंच नसतं. चांगला मुलगाही बापाच्या आग्रहाने चिठ्ठी आणतो. तिला वजन देऊ नका, पण तिची शिक्षाही देऊ नका.

आणि जी संस्था नेमणुकीसाठी ‘डोनेशन’ घेते तिने हा लेख इथेच खाली ठेवावा. पैसे भरून आलेल्या माणसाला सचोटीचे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो ते पैसे वसूल करायलाच आलेला असतो.

समोर कोण बसेल

तिघं पुरेत. एक जबाबदार पदाधिकारी. एक, ज्याच्या शेजारी या माणसाला रोज काम करायचं आहे. आणि एक बाहेरचा, म्हणजे ज्याचे संस्थेत कुणाशी नातेसंबंध नाहीत असा. तिघांत एक तरी बाई असावी, आणि ती चहा सांगायला नव्हे. तिघंही एकाच जातीचे, एकाच गटाचे असतील तर एक बदला.

वेळ सकाळी अकरानंतरची द्या. आष्टीहून किंवा परळीच्या टोकाच्या गावाहून एसटीने येणाऱ्याला नऊची वेळ दिली तर तो आदल्या रात्रीच निघतो आणि पेंगत उत्तरं देतो. शक्य असेल तर येण्याजाण्याचं भाडं द्या. प्रत्येकाला तेवढाच वेळ, तेच मूळ प्रश्न, त्याच क्रमाने.

सगळ्यांना तेच प्रश्न विचारणं आपल्या लोकांना फार कृत्रिम वाटतं. “माणूस बघून प्रश्न सुचतात,” असं म्हणतात. पण फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्या पद्धतींचे आकडे खाली आले आणि आखीव मुलाखत यादीत पहिल्या क्रमांकावर आली. कारण साधं आहे. गप्पांत आपण आपल्यासारखा माणूस शोधतो, तर ठरलेल्या प्रश्नांत निदान तुलना तरी होते.

प्रश्न: झालेलं विचारा, होणारं नको

“समजा गल्ल्यात पैसे जास्त निघाले तर काय कराल?” याचं उत्तर सातवीतला मुलगाही बरोबर देतो. त्याऐवजी घडलेला प्रसंग मागा.

रोखपालासाठी: “हिशेब जुळला नाही असा एखादा दिवस सांगा. फरक किती होता? पहिल्यांदा कुणाला सांगितलंत?” गृहपालासाठी: “एखाद्या लेकराचा इतका राग आला की हात उचलावासा वाटला, असा प्रसंग सांगा.” दोघांनाही: “जवळच्या माणसाने नियमाबाहेरचं काही मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, असं कधी झालं?”

पहिलं उत्तर जवळजवळ नेहमीच पोकळ येतं. खरी मुलाखत दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. संवाद साधारण असा जातो:

“सर, मी कधीच नियम मोडत नाही.”

“चांगलं आहे. पण मागणारे तर येतातच. शेवटचं कोण आलं होतं?”

“...चुलते आले होते. दुकानात होतो तेव्हा. खत उधारीवर मागत होते. मालकानं उधारी बंद केली होती.”

“मग तुम्ही नेमकं काय बोललात?”

“म्हटलं, मालकाला फोन लावून देतो, तुम्हीच बोला.”

“मग?”

“ते गेले निघून. पोळ्याला घरी आले नाहीत.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नकाराची किंमत ज्याला आठवते त्याने नकार खरंच दिलेला असतो. ‘त्यानंतर त्या नात्याचं काय झालं?’ हा माझ्या मते बीडमध्ये विचारण्यासारखा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. रचलेल्या गोष्टीत चुलते शेवटी “तुझं बरोबर होतं” म्हणून पाठ थोपटतात. खऱ्या आयुष्यात ते पोळ्याला येत नाहीत.

खरं सांगणारा बऱ्याचदा अडखळतो, रक्कम आठवायला थांबतो, मधेच स्वतःला दुरुस्त करतो. पाठ करून आलेला वाहत्या पाण्यासारखा बोलतो आणि प्रत्येक प्रसंगात तोच बरोबर असतो. “मला राग येतच नाही” म्हणणाऱ्या गृहपालाला आणखी दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारा. तरी येत नसेल तर मला त्या उत्तराची भीती वाटते.

नोकरीच न केलेल्या पोरापोरींना प्रसंग कुठून आणायचे? भरपूर असतात, आपण विचारत नाही. लग्नात आहेराच्या वहीवर कोण बसलं होतं? गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब कुणी ठेवला, कमी पडले तेव्हा काय झालं? दूध डेअरीवर फॅट कमी लागलं म्हणून कुणाशी वाद झाला? बाई असेल तर बचत गटाचं कर्ज एखादीने थकवलं तेव्हा तिच्या दारात कोण गेलं, काय बोललं? आहेराच्या वहीवर गाव कुणालाही बसवत नाही. ती निवड आधीच झालेली असते, तुम्ही फक्त ती ऐकायची.

दोन सावधगिऱ्या. आपल्याकडची माणसं ‘मी’ म्हणायला संकोचतात. “आम्ही केलं,” असंच म्हणतात. त्यावरून तो श्रेय चोरतोय किंवा अंग काढतोय असं समजू नका. “त्यात तुमच्या हातचं काम कोणतं?” असं विचारलं की कळतं. दुसरी, बोलीची. ‘लई’, ‘कामून’, ‘व्हतं’ ऐकून गुण कापू नका. तुमच्या काउंटरवर येणारा माणूसही तसंच बोलतो.

हे विचारू नका

पाहुणे कुठले, कुलदैवत कोणतं, कुठल्या भावकीतले, जेवणात काय चालतं, यांतलं काहीही नको. मुलीला लग्न कधी, विवाहितेला मूल कधी, हेही नको. मुक्कामाची ड्यूटी असेल तर तेवढंच विचारा: “महिन्यातून अमुक रात्री थांबावं लागेल, जमेल का?” आणि हा प्रश्न पुरुषांनाही विचारा.

थोडं काम करून घ्या

मुद्दाम पाचशेची नोट खाली टाकून कोण उचलून देतं ते बघणारे महाभाग आहेत. हा प्रकार सोडून द्यावा. त्यातून फार तर कळतं की उमेदवाराने असा एखादा चित्रपट पाहिला आहे, आणि संस्था फसवून परीक्षा घेते हेही त्याला कळतं.

उघड सांगून काम द्या. रोखपालाला एक नोटांची गड्डी, एक स्लिप आणि रोजकीर्दीचं पान द्या. सांगा, “यात चुका असू शकतात. वीस मिनिटांत तपासा आणि काय आढळलं ते आमच्या लेखापाल मॅडमना सांगा.” चूक सापडली की नाही हे अर्धंच झालं. ती सांगताना तो आधीच्या कारकुनाला नावं ठेवतो का, न सापडलेल्या फरकावर ‘जुळतंय’ म्हणतो का, ते बघा.

गृहपालपदाच्या शेवटच्या दोघा-तिघा उमेदवारांना, जुने कर्मचारी हजर असताना, एका संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी वसतिगृहात बोलवा. मुलांसोबत एकटं सोडायचं नाही. वाढताना तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो का, स्वयंपाकाच्या मावशींशी कसा बोलतो, एखादं पोर रुसून बाजूला बसलं तर त्याच्या लक्षात येतं का, हे बघायचं. दुसऱ्या दिवशी मावशींना विचारा. पदाधिकाऱ्यांशी सगळेच नीट बोलतात.

चौकशी मुकादमाकडून शिकावी

ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, हंगामाआधी मोठी उचल देतो, ती लाखाच्या घरातही जाते. त्या जोडीची मुलाखत तो घेत नाही. गेल्या हंगामात ती कुणाच्या टोळीत होती, उचल फिटली का, मधेच निघून गेली का, हे तो जुन्या मुकादमाला आणि टोळीतल्या दुसऱ्या कोयत्याला विचारतो. या व्यवस्थेत मजुराची किती पिळवणूक होते ते वेगळं सांगायला नको. पण चौकशीची रीत पक्की आहे: शिफारस करणाऱ्याला नव्हे, सोबत राबलेल्याला विचारायचं.

तुम्हीही अर्जावरच्या दोन प्रतिष्ठितांना फोन करण्यात वेळ घालवू नका. उमेदवाराची परवानगी घेऊन जुन्या ठिकाणच्या दोघांना विचारा, एक त्याच्या वरचा, एक बरोबरीचा किंवा हाताखालचा. “माणूस कसा आहे?” याला “चांगलाय” एवढंच उत्तर येतं. विचारा, “पुन्हा घ्याल का?” आणि मग गप्प बसा. होकार येण्याआधी फोनवर जी शांतता असते ती ऐका. शंका आली तर एकाच्या सांगण्यावरून माणूस तोडू नका. आपल्याकडे जुना मालक पगार बुडवून वर बदनामीही करतो. दुसऱ्याला विचारा, मग उमेदवारालाही त्याची बाजू विचारा.

मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक पदासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्याच. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांना ती बजावली आहे. पण त्या दाखल्याचा अर्थ नोंदीत गुन्हा नाही एवढाच. त्याच्या भरवशावर वरच्या पायऱ्या गाळू नका.

गुण आधी, चर्चा नंतर

मुलाखत संपली की तिघांनी एकमेकांशी न बोलता त्या चार-पाच ओळींसमोर 1 ते 4 असे गुण लिहावेत, आणि प्रत्येक गुणापुढे उमेदवाराचं एक वाक्य. मग कागद उघडायचे. अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. ते आधी बोलले की बाकीच्या दोघांचे आकडे तोंडातच बदलतात. दोन गुणांहून जास्त फरक पडला तर कोण बरोबर यावर वाद न घालता उमेदवार नेमकं काय बोलला ते दोघांनी वाचून दाखवायचं.

मोहाच्या ओळीत कुणी 1 दिला असेल तर बाकी बेरीज कितीही होवो, थांबा. इंग्रजी उत्तम आणि टॅली पक्कं असलं तरी थांबा.

त्यालाही विचारू द्या

मजूरही मुकादमाची चौकशी करून उचल घेतो. शेवटची दहा मिनिटं उमेदवाराची ठेवा. पगार किती आणि कुठल्या तारखेला होतो, आधीचा माणूस का गेला, भविष्य निर्वाह निधी कापता का, हे त्याने विचारलं तर त्याला आगाऊ समजू नका. आधीचा का गेला ते खरं सांगा. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013च्या कायद्याने सक्तीची आहे. ती कोण चालवतं ते मुलींनी न विचारताच त्यांना सांगा.

निवड झाली की नेमणूकपत्र लेखी द्या आणि सहा महिन्यांचा परीक्षाकाळ ठेवा. तिसऱ्या महिन्यात तोच कागद काढून बसा. रोखपालाला तीन महिन्यांत एकदाही हिशेबातला फरक सांगावा लागला नसेल, तर तिजोरी त्याच दुपारी, त्याच्या समोर मोजून घ्या.

न निवडलेल्यांना आठवड्याच्या आत फोन करा. शक्यतो पदाधिकाऱ्याने स्वतः करावा आणि काय कमी पडलं ते एका वाक्यात सांगावं. ज्याची चिठ्ठी आली होती त्याच्या बाबतीत फोन आधी उमेदवाराला जाऊ द्या, चिठ्ठी देणाऱ्याला नंतर.